टेप न लावता घेतलेलं माप

मणकेवाल्याने शिंपीमास्तरांच्या बायकोला बुटांसकट पालथं झोपवलं, दोन्ही टाचा धरल्या आणि जाहीर केलं, "डावा पाय अर्धा इंच आखूड!" मग कंबरेवर एक दाब, कडकन आवाज, आणि टाचा पुन्हा जुळवल्या. "बघा, झाला सारखा."

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं ते लोकांचे पाय मोजत आले होते. दोनदा माप घेतलं आणि दोन्ही वेळा टेप लावलीच नाही, असा कारागीर त्यांच्या दुकानात एक दिवस टिकला नसता.

पाठ दाबून पाठीला बरं वाटत असेल तर वाटू दे, त्याला त्यांची ना नव्हती. पण मणका सरकल्यानेच रक्तदाब वाढतो, असं या गृहस्थाने ठोकून दिलं होतं, आणि बायकोने चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्या होत्या. शुक्रवारी तो तिच्या मानेलाही झटका देणार होता. तिचे वडील याच रक्तदाबाने एका सकाळी बोलता बोलता कोसळले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोला दुकानातल्या कापायच्या टेबलावर उताणं झोपवलं आणि कंबरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेप लावली. डावा पाय अर्धा इंच कमी भरला!

"आता बोला," बायको म्हणाली.

मास्तर मापाची वही उघडायला गेले आणि तिथेच थबकले. दुकानाचा नियम त्यांचाच होता: नवं माप घेताना जुनी वही उघडायची नाही, नाहीतर टेप वहीतलाच आकडा सांगते. आणि आज ते स्वतःच मणकेवाल्याचा आकडा डोक्यात घेऊन मोजायला बसले होते. मास्तरांनी कपाळाला हात लावला.

काजबटणं करणाऱ्या मावशी आत शिवत बसल्या होत्या. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मावशी, हिचे दोन्ही पाय मोजा. तीन-तीनदा. आकडे फक्त वहीत लिहा, बोलू नका."

मास्तर दाराबाहेर जाऊन उभे राहिले, म्हणजे चेहऱ्यावरूनही काही कळायला नको.

मावशींनी वही दिली तेव्हा एकदा डावा पाय सूतभर कमी होता, एकदा उजवा, आणि एकदा दोन्ही सारखे.

"मावशी, तुमचा हात अर्धा इंच हलला असेल," बायको म्हणाली.

"हललाच असेल गं. सूतभर माझा रोजच हलतो. अर्धा इंच हलला असता तर मास्तरांनी मला ठेवलं असतं का?"

मावशी आत गेल्या. बायको वहीकडे बघत राहिली.

"मग तिथून आल्यावर मला बरं का वाटतं?"

"तो कडकन आवाज..."

"आवाजाचं नाही हो." तिने त्यांना मध्येच तोडलं. "तो अर्धा तास विचारतो, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं. तुम्ही तीस वर्षं माझी मापं घेताय. विचारलंत कधी?"

मास्तरांना हे लागलं. मणकेवाल्याची चूक त्यांनी बसल्या जागी पकडली होती. स्वतःची मात्र तीस वर्षांत दिसली नव्हती. त्यांनी गळ्यातली टेप काढून खुंटीला लावली आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"कुठे दुखतं?"

ती सांगू लागली. मानेखालून सुरू झाली, खांद्यावर आली, मग वडिलांवर. त्यांच्यासारखंच आपलंही होणार, ही भीती गोळी हातात घेतली की रोज वर येते, म्हणून कुणी गोळ्या नकोत म्हटल्यावर किती हलकं वाटलं, तेही तिने सांगितलं.

सांगून झाल्यावर तिने पर्स उघडली. गोळ्यांचं पाकीट पाचही दिवस तिच्यासोबतच होतं.

"पाणी द्या," ती म्हणाली. "आणि उद्यापासून गोळीच्या वेळी असेच जवळ बसा."