माझ्या कौतुकाचे कोरडे दिवस

मित्रांनो, ओळख करून द्यायची तर मला आधी मान खाली घालायला हवी, आणि मला तर मानच नाही. मी बिस्किटाएवढा एक जुना सेन्सर आहे. म्हाताऱ्या माणसांच्या डायपरला मला बाहेरून चिमट्यासारखं अडकवतात. आत ओल झाली की मी खबर देतो. हसा, हसून घ्या. माझ्या कारखान्यातली भावंडं विमानात बसली, एक तर म्हणे चंद्रावर जाऊन आलं. माझ्या वाट्याला कंबरेखालचा मुलूख आला.

वृद्धाश्रमात मी सरांच्या अंगाला लागलो. सरांनी उभा जन्म मुलांना पोहायला शिकवलं. तळ्यातले मासेसुद्धा त्यांच्याकडून एखादा हात शिकून गेले असं मी ऐकलंय, आणि मला ते पटतं. आता वयामुळे त्यांना लघवी आवरत नसे. ओल्यात बसून बसून कातडी सोलवटे. ते माझ्यामुळे टळणार होतं. काम चांगलंच होतं, मित्रांनो.

घोळ केला साहेबांनी. आश्रमाचे हे व्यवस्थापक भलतेच उत्साही. सरांची देखभाल करणाऱ्या मावशींच्या फोनवर गुपचूप खबर पाठवायची सोय होती. पण "मावशींचं लक्ष नसलं तर?" म्हणून त्यांनी मला दिवाणखान्यातल्या भोंग्याला जोडलं, आणि धून निवडली आइस्क्रीमच्या गाडीची. का, तर सगळ्यांना प्रसन्न वाटावं. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा तीन गल्ल्यांतली मांजरं रांगेनं फाटकाशी आली. खोटं वाटत असेल तर मांजरांना विचारा.

सर पत्ते खेळत होते. समोरचे शिंपीकाका म्हणाले, "सर, भरती आली वाटतं."

सगळे हसले. सरही हसले. पण मी त्यांच्या पोटाला चिकटून होतो. पोट हसत नव्हतं.

"हे काढून टाका हो," ते मावशींना हळूच म्हणाले.

"डॉक्टरांनी लावलंय, सर. मी कसं काढू?"

त्यानंतर माझा आवाज बसला. सकाळ जाई, दुपार जाई, धून नाही. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सरांपुढे उभं करून सांगत, "यंत्र लागलं आणि सर कोरडे झाले. जादूच आहे." मी इतका फुगलो की बिस्किटाचा पाव झालो.

खरं म्हणजे सर पाणीच पीत नव्हते. मावशी वळल्या की ग्लास खिडकीतल्या कुंडीत रिकामा होई. रोप असं माजलं की पंख्याशी झोंबू लागलं. मला ओल कळते, मित्रांनो. तहान कळत नाही.

एका दुपारी पानं वाटता वाटता सर खुर्चीतून घसरले. ओठ फुटलेले, जीभ लाकडासारखी. डॉक्टरांनी सलाईन लावलं. "यांच्या अंगात पाणीच नाही. पीत का नव्हते?"

सरांनी डोळे उघडले. "ती धून नको रे बाबा," एवढंच म्हणाले.

शिंपीकाका तडक साहेबांकडे गेले. "भोंगा बंद करा. नाहीतर मलाही एक बांधा, दोघांचं एकदम वाजू द्या." मग आवाज खाली आला. "माझंही अंथरूण ओलं होतं, साहेब. मी चादर उलटी घालतो. म्हणून तर दुसऱ्याला आधी हसतो."

साहेबांनी स्वतःच स्टूल ओढलं. भोंगा त्याच दिवशी उतरला.

सर बरे होऊन पुन्हा डावाला बसले. ग्लास उचलला, थांबले, आणि सगळा प्यायले. यथावकाश जे व्हायचं ते झालं. मी मावशींच्या खिशातल्या फोनमध्ये नुसता थरथरलो.

मावशी आल्या. "सर, तुमच्या खोलीचं दार अडतंय. बघता जरा?"

सर उठले. शिंपीकाकांनी नजर वर केली नाही. "जा निवांत. तुमची पानं बघणार नाही."

"बघशील."

"बरं, दोनच बघीन."

मित्रांनो, आता माझी पकड सैल झालीय, पण त्या शाबासकीची लाज काही सुटत नाही. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस पाणी नको म्हणालं, तर चारचौघांत कारण विचारू नका. जवळ जाऊन बसा, हळू विचारा. आणि ते उठून निघालं, की आपल्या हातातल्या पानांकडे बघा.