सहा व्होल्टचा दिवा, बारा व्होल्टचा राग

"दिवा म्हणे! याच्यापेक्षा काजवा बरा."

हे वाक्य माझ्या काचेपासून वीतभर अंतरावरून आलं. बोलणाऱ्याच्या तोंडाची वाफ काचेवर बसली. त्याने ती बाहीने पुसली, बाहीवरचं ग्रीस मला फासलं आणि वर म्हणाला, "बघ, कसा धुरकट दिसतोय!"

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचा पुढचा दिवा आहे. जुन्या वस्तूंनी गोड, थकल्या आवाजात बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ती ठेवू नका. मला राग आलाय, आणि तो चार वर्षांचा आहे.

पण रीतीप्रमाणे जन्मापासून सांगतो. माझ्या कारखान्यात पत्र्याचा गोल तुकडा साच्यात दाबून वाटी करत आणि आतून तिला चांदीचा पातळ मुलामा देत. तो तपासायला एक बाई बसायची. ती प्रत्येक वाटीत स्वतःचा चेहरा बघायची. चेहऱ्यावर डाग दिसला की वाटी बाद. माझ्यात तिने चेहरा पाहिला, कपाळावरची बट सारखी केली आणि मला पुढे ढकललं. ती माझी पहिली शाबासकी.

माझा पहिला मालक गुरांचा डॉक्टर होता. तेव्हा मी सहा व्होल्टचा होतो. म्हणजे गाडी हळू झाली की मिणमिणायचो, वेग घेतला की उजळायचो. डॉक्टरला हे ठाऊक होतं. तो गोठ्याच्या दाराशी गाडी लावायचा आणि कुणालातरी अ‍ॅक्सिलरेटर पिळत बसायला सांगायचा. माझ्या उजेडात त्याने किती वासरं सुखरूप बाहेर काढली! "काय दिवा आहे!" असं गाईचा मालक म्हणायचा. डॉक्टर म्हणायचा, "आहेच मुळी."

डॉक्टर गेला आणि गाडी पडवीत गेली. हँडलला कांद्याच्या माळा लटकल्या. माझ्या काचेला एक फट होती, तिच्यातून कुंभारीण माशीने आत शिरून मातीचं घर बांधलं. अकरा वर्षं कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज वाटतं, ती अकरा वर्षं बरी होती. निदान कुणी खोटं तरी बोलत नव्हतं.

मग डॉक्टरच्या मुलाने मला बाहेर काढलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. जुन्या मोटारसायकलींची विजेची कामं करावीत तर त्यानेच, असं त्याचं नाव होतं. लांबलांबून लोक गाड्या टेम्पोत घालून आणायचे. रूप जुनंच ठेवायचं आणि पोटातलं सगळं नवं करायचं, ही त्याची खुबी. माझंही त्याने तेच केलं. पूर्वी सगळी वीज हँडलवरच्या खटक्यातून फिरून माझ्यापर्यंत यायची आणि निम्मी वाटेतच तापून संपायची. मिस्त्रीने सहाचे बारा व्होल्ट केले, बॅटरीपासून माझ्यापर्यंत जाड वायर ओढली, मध्ये रिले, म्हणजे हुकूम मिळताच वीज जोडणारी डबी, बसवला. खटक्याकडे आता फक्त हुकूम द्यायचं काम उरलं. रिले त्याने माझ्याच वाटीमागे इतका बेमालूम लपवला की बाहेरून मी तोच डॉक्टरचा दिवा.

त्या दिवशी मी लागलो तेव्हा मिस्त्रीची बायको टाळ्या वाजवत म्हणाली होती, "अहो, याला तर डोळे फुटले!"

ती दुकानात त्याच्या बरोबरीने काम करायची. कुठे शिकली नव्हती. बघून बघून शिकली आणि पुढे त्याच्याइतकी झाली. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही.

दिवा बसवला की त्याचा उजेड भिंतीवर पाडून बघायचा, हा दुकानाचा नियम. भर दुपारी शटर खाली ओढायचं. समोरच्या भिंतीवर एक काळा पट्टा रंगवलेला आहे. उजेडाची वरची कड जिथे पडेल तिथे मिस्त्रीने खडूने रेघ मारायची. रेघ पट्ट्याच्या खाली आली तर दिवा बरोबर. वर गेली तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार, म्हणून स्क्रू फिरवून दिवा खाली झुकवायचा.

चार वर्षांपूर्वी मिस्त्रीची रेघ हलायला लागली. कड एकीकडे, रेघ दुसरीकडे. बायको मागे उभी होती. तो हात धुवायला गेला, तेवढ्यात तिने ओल्या फडक्याने रेघ पुसली, योग्य जागी नवी मारली आणि माझा स्क्रू दोन आटे फिरवला. तो परत आला आणि म्हणाला, "बघितलंस? एका फटक्यात."

"हो तर," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या 'हो तर'चा मला अजून राग आहे.

मग ती वायरी रंगाप्रमाणे लावून ठेवू लागली. हातात देताना सहज म्हटल्यासारखं म्हणायची, "ही हिरवी घ्या. ही तपकिरी." एकदा ती घरी होती तेव्हा मिस्त्रीने एका शिक्षकाच्या गाडीचं काम एकट्याने केलं. शिक्षक दुसऱ्या दिवशी हजर. "मिस्त्री, कमाल केलीत! हॉर्न दाबला की ब्रेकचा दिवा लागतो. मागच्याला मी ओरडत नाही, डोळा मारतो!"

"ती वायर मी जोडली होती," बायको पटकन म्हणाली. "चूक माझी."

शिक्षकाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मिस्त्रीकडे. "असू द्या वहिनी," एवढंच म्हणाला. समजलं होतं त्याला. मुलांना रोज खरं बोलायला शिकवणारा माणूस तो!

पुढे एका संध्याकाळी मिस्त्रीने उभ्या हातगाडीला गाडी घासली. माझी कड चेपली. हातगाडी मी लख्ख दाखवत होतो, तिच्या चाकाचे आरे मोजता आले असते. मिस्त्रीने माझ्या डोक्यावर बुक्की मारली. "मेला मंद दिवा!" हातगाडीवाल्याने मान डोलावली. चहावाला म्हणाला, "व्होल्टेज कमी असेल." दोन दुकानं सोडून चष्मेवाला बसतो. त्याचा धंदाच लोकांच्या डोळ्यांचा. तो कपातला चहा ढवळत म्हणाला, "एलईडी टाकून बघा."

मिस्त्रीच्या लेकीने एकदा धीर केला होता. "बाबा, एकदा तपासून..."

"काय तपासून?" मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"बॅटरी," लेक म्हणाली.

बॅटरी बदलली. मग माझे हाल सुरू झाले. साठ वॅटचा बल्ब आला. मग शंभरचा आला. त्याच्या आचेने होल्डर वितळला, आणि ज्या चांदीत त्या बाईने चेहरा पाहिला होता ती जळून तपकिरी झाली. मग एलईडी आला. माझी वाटी त्याच्यासाठी घडवलेलीच नव्हती, उजेड वाट्टेल तिकडे सांडायला लागला. समोरून येणारे शिव्या द्यायचे. त्या मलाच. आणि जेवढा उजेड वाढला, तेवढं मिस्त्रीला समोर नुसतं पांढरं धुकं दिसायला लागलं. "दिव्याभोवती कसली कडी दिसतात," तो कुरकुरायचा, "काच खराब असणार." काच बदलली. मूळची काच भंगारात गेली.

मित्रांनो, मिस्त्री वाईट नाही. तो घाबरलेला आहे. बोटांनी आणि डोळ्यांनी कमावलेलं नाव एका वाक्याने जाईल असं त्याला वाटतं. बाकीचे सगळे त्याच्यावर माया करतात म्हणून गप्प आहेत, आणि त्या मायेचा भुर्दंड मी भरतो. तुमच्या घरात एखादी वस्तू नेहमी एकाच माणसाच्या हातात बिघडत असेल, तर वस्तूला टप्पल मारू नका. त्या माणसाजवळ बसा. काय होतंय ते विचारा. तुमच्या हाती नुसतं तोंड उघडणं आहे. मला तेवढंही जमत नाही. मी फक्त लागू शकतो आणि विझू शकतो.

हे सगळं मी पचवलंही असतं. पण आता गोष्ट नातीवर आली.

नात आठ वर्षांची. कालव्यापलीकडे पोहायला जाते. लेक इस्पितळात नर्स आहे, तिची कामाची पाळी बदलली. सोमवारपासून दिवेलागणीला नातीला घेऊन यायला कुणी असणार नव्हतं. येताना रस्ता कालव्याच्या काठाने, आणि काठाला कठडा नाही.

"मी आणतो की!" मिस्त्री म्हणाला.

"नको बाबा, तिला वारा लागतो," लेक म्हणाली.

"स्वेटर घाल."

"तुमचं दुकान असतं त्या वेळी," बायको म्हणाली.

"दुकान गेलं खड्ड्यात. नात मोठी की दुकान?" मग त्याचा चेहरा पडला. "या दिव्याचीच भीती वाटते ना तुम्हाला? खरं सांगा."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आणि लेक म्हणाली, "हो बाबा. दिव्याचीच."

म्हणून शनिवारी दुपारी माझी पुन्हा चिरफाड झाली. होता त्यातला सगळ्यात मोठा बल्ब आला. मिस्त्री शीळ घालत होता. सुरुवातीचं काजव्याचं वाक्य तेव्हाचंच. "पोरीसाठी करतोय," माझी काच पुसता पुसता तो म्हणाला, "तिच्यासाठी तरी नीट जळ बाबा." त्या क्षणी मला त्याची इतकी दया आली की राग कुठे ठेवावा कळेना.

शटर खाली आलं. मी लागलो. मिस्त्री खडू घेऊन भिंतीपाशी गेला, मान वाकडी केली आणि रेघ मारली. काळ्या पट्ट्याच्या हातभर वर, तिरकी. उजेडाची कड तिच्या आसपासही नव्हती.

"झालं!" तो म्हणाला. "सोमवारपासून नात माझ्याकडे. अगं, पुसून टाक ती रेघ."

बायको फडकं घेऊन पुढे झाली. लेक शटरला टेकून उभी होती. बायकोने हात भिंतीपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला. मग फडकं खाली टाकलं.

"नाही पुसणार."

"का? काम झालंय."

"ही रेघ पट्ट्याच्या वर आहे की खाली? सांगा."

"खाली," मिस्त्री हसला. "माझी रेघ कायम खालीच असते."

"खाली असते, कारण मी खाली आणते. चार वर्षं आणतेय. तुम्ही हात धुवायला गेलात की आणते."

"आई," लेक पुटपुटली.

"तू थांब. तूही लपवलंस, मीही लपवलं, सगळ्या गल्लीने लपवलं. आता कालव्याच्या काठाने पोरीला पाठवू?"

मिस्त्रीने भिंतीवर हात टेकला. रेघ शोधत बोटं फिरली आणि तिच्यावरून सरकून पुढे गेली. मग माझ्याकडे वळला. आवाज फाटला होता. "या भिकारड्या दिव्यामुळे..."

"दिव्याला एक अक्षर बोलायचं नाही!" ती ओरडली. ती ओरडू शकते हे मला माहीत नव्हतं. पुढे होऊन तिने त्याचा खडूने माखलेला हात आपल्या हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाली, "अहो, दिवा चांगला आहे. तुम्हाला दिसत नाही."