ओल्या रंगावर आवळलेला बोल्ट

मी बोल्ट बोलतोय. किशनरावांच्या जुन्या ट्रकात इंजिनाचा पाया चेसीला धरून ठेवणारा, अंगठ्याएवढा. लोखंडाला जीव नसतो म्हणतात. पण गेले तीन महिने माझ्या जिवाला घडीभर स्वस्थता नाही.

एकोणीस वर्षं मी जागचा हललो नाही. मानवतहून कापसाच्या गाठी नेता नेता सिद्धोधन ड्रायव्हरची कंबर खिळखिळी झाली, मी मात्र घट्ट. थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोलू?

किशनरावांनी बैल विकले, पण पोळा सुटेना. तेव्हापासून ते ट्रकच सजवतात. यंदा इंजिनाखालचं रबर बदलायला मला काढलं होतं. मालकांनी तेवढ्यात तिथंही निळा ऑइलपेंट फासला. "नुसती शिंगं रंगवून भागतंय व्हय? खूरबी रंगवावे लागतेत," म्हणाले आणि ओल्या रंगावरच मला आवळून टाकलं. रंग वाळला, पोपडे सुटले, फट पडली.

मग मी हलू लागलो. मी हललो की इंजिन हले आणि अख्खी केबिन थरथरे. मीच तो, मीच तो, असं खडखडून सांगत होतो. पण रोग रेड्याला, औषध पखालीला! फिल्टर बदलला, पंप उघडला, माझ्याकडे कुणी बघेना.

परवा देवगाव फाट्यावर चहा पिताना किशनराव म्हणाले, "इंजिनच संपलंय, सिद्धोधन. उद्या भंगारवाल्याला बोलवायलोय."

सिद्धोधनचा कप ओठाशीच थांबला. ट्रक गेला तर पन्नाशीच्या ड्रायव्हरला कामावर कोण ठेवणार? "मालक, एकडाव मला बघू द्या," म्हणत तो गाडीखाली शिरला. पाना लावायच्या आधी त्यानं मला नुसती बोटं लावली. मी फिरलो. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

"मालक, इंजिनाला कायबी झालं न्हाई. खूर रंगवल्यानं लंगडायलंय."

किशनराव ओशाळले. "मग आवळ की."

"न्हाई जमत. याचे आटे गेलेत. नवाच टाकावा लागतो."

खरंच होतं ते. घासून घासून मी गुळगुळीत झालो होतो. त्यानं रंग पार खरवडला, फाट्यावरच्या दुकानातून नवा बोल्ट आणून बसवला आणि मला टपरीमागं टाकलं.

ट्रक सुरू झाला. खडखड नाही, काही नाही. सिद्धोधन गाणं म्हणत सेलूकडे निघून गेला.

आता मला कुणी हलवत नाही, तरी स्वस्थ पडवत नाही. तुम्हाला सिद्धोधन भेटला तर एवढं सांगा: त्या नव्याला महिन्याभरानं एकदा हात लावून बघ म्हणावं.