फाटक्या पत्राचा बटवडा

शहरात कलामहोत्सव आला की सगळ्या इमारतींना कला सुचते. यंदा ती आमच्या अभिलेखागारालाही सुचली. साहेबांनी फर्मान काढलं: रविवारी सहकुटुंब या, घरातला फाटका कागद आणा आणि तो जोडायला आमच्याकडून शिका. 'आमच्याकडून' म्हणजे माझ्याकडून. एकोणीस वर्षं मी तळमजल्यावर जुने कागद दुरुस्त करते, ते मुख्यतः कागद उलट बोलत नाहीत म्हणून.

दहा वाजता दार उघडलं आणि झुंबड उडाली. जिन्यात कुणी बासरी वाजवत होतं, अंगणात मुलं तोंडं रंगवून घेत होती आणि माझ्या टेबलांभोवती चाळीस माणसं कोपराला कोपर लावून बसली होती. एका बाईंनी फाटकं प्रगतिपुस्तक आणलं होतं. ते कुणी फाडलं होतं, हे शेजारच्या मुलाच्या लाल कानांवरून कळत होतं.

मी खळीच्या वाट्या वाटल्या आणि नियम सांगितले. "तुकडे पालथे मांडा. फक्त कडा जुळवा, अक्षरं बघू नका. अक्षरं दिसली की माणूस वाचत बसतो आणि काम तसंच राहतं. दुसरं, एखादा तुकडा हरवला असेल तर तिथे कोरा कागद लावायचा. अंदाजाने काहीही लिहायचं नाही."

खिडकीजवळच्या टेबलावर एक निवृत्त पोस्टमनकाका, त्यांची बायको म्हणजे काकू, आणि आठेक वर्षांची नात बसली होती. काकांनी खिशातून जुनं पाकीट काढून तुकडे टेबलावर ओतले, तेही आधीच पालथे.

"हे काय उचलून आणलंत? विजेचं बिल फाडलंत की काय?" काकूंनी विचारलं.

"जोड तर खरं. तुझा हात साफ आहे."

हात खरंच साफ होता. काकूंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. शिवण जुळवावी तशा त्या कडा जुळवत गेल्या. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण त्यांचं केलं. एक नखाएवढा तुकडा तेवढा सापडेना, तिथे त्यांनी कोरा कागद बसवला.

इकडे काका माझ्यामागून हात धुवायच्या नळापर्यंत आले.

"बाई, आता ती तो कागद सुलटा करणार. मग माझी काही खैर नाही."

"का? आहे काय त्यात?"

"तिच्या अक्काचं पत्र आहे. आई गेल्यावर अक्काने घर आवरलं आणि आईचं शिलाई मशीन नाहीसं झालं. हिला वाटलं, परस्पर कुणाला देऊन टाकलं. अक्काचं पत्र आलं, ते हिने अर्धं वाचून टराटरा फाडलं. मी तुकडे गोळा करून ठेवले. बावीस वर्षं झाली, दोघी बोलत नाहीत. अक्का आता पंचाहत्तरीला आली. राहिलंय किती?"

"मग पुढे काय लिहिलंय ते तुम्ही सांगायचंत ना!"

"मी?" काका असे दचकले, जणू मी त्यांना चोर म्हटलं होतं. "दुसऱ्याचं पत्र कसं वाचणार? छत्तीस वर्षं पत्रं वाटली, एकही न पोचता राहिलं नाही. हे घरातलंच तेवढं राहिलंय."

मला त्या माणसाच्या तत्त्वाचा असा संताप आला की हातातला साबण निसटला.

आम्ही वळलो तेव्हा काकूंनी कागद सुलटा केला होता. अक्षर ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"हे तुम्ही ठेवलंत?" खुर्ची मागे सरकली. "चला घरी!"

पण नात नुकतीच भरभर वाचायला शिकली होती आणि अशी मुलं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. तिने मोठ्याने सुरुवात केली, "'छकुले...' आजी, छकुली कोण?"

काकू उभ्या होत्या त्या उभ्याच राहिल्या.

"'आईचं मशीन आता घरात नाही, हे तुला कळलंच असेल.'"

"एवढंच वाचलं होतं मी," काकू हळूच म्हणाल्या.

"'पण मी ते कुणाला दिलेलं नाही. शिवतेस तू, मग ते तुझंच. मी ते...' इथे कोरं आहे. '...ठेवलंय. राग गेला की ये आणि घेऊन जा. मी वाट बघते.'"

नातीने पेन्सिल उचलली. "इथे मी लिहू? 'कपाटात'!"

"खबरदार!" मी ओरडले. चाळीस माणसं वळून बघायला लागली. "ज्याने लिहिलं त्याचं त्यालाच माहीत. त्यालाच विचारायचं!"

मी आपला नियम सांगत होते, दुसरं काही नाही. पण काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"अहो, तिचा नंबर आहे का?"

काकांना नंबरच काय, पत्ताही पिनकोडसकट पाठ होता. त्यांनी सांगितला तसा नातीने फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"कोण बोलतंय?" पलीकडून खणखणीत आवाज आला.

काकू फोनवर वाकून म्हणाल्या, "अक्का, मशीन कुठे ठेवलंयस गं?"

प्रगतिपुस्तकवाल्या बाईसुद्धा खळीत बोट बुडवून तशाच थांबल्या होत्या.

"छकुले," अक्का म्हणाल्या, "एवढंसं पत्र वाचायला बावीस वर्षं लागली तुला?"

काकू हसायला गेल्या आणि रडू लागल्या. "एक तुकडा हरवलाय त्याचा."

"माझ्या खिडकीपाशी ठेवलंय. दर रविवारी तेल घालते. आजचं राहिलंय अजून. येतेस?"

"निघालेच!" म्हणत काकूंनी ओलं पत्र तळहातांवर उचललं. जोडलेला कागद तासभर वजनाखाली ठेवावा लागतो, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं.