केरबाची उदबत्ती आणि स्पिरिटचा टँकर

धोक्याचा माल नेणाऱ्या टँकर ड्रायव्हरांना तीन दिवस शिकवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि ते तीन दिवस डोकं शांत ठेवणं ही माझी शिक्षा. पेट्रोल, ॲसिड, स्पिरिट असलं काही टँकरमधून न्यायचं तर नुसतं हेवी लायसन्स चालत नाही. कसबा बावड्यात आमच्या वर्गात बसायचं, परीक्षा द्यायची, आमचं प्रमाणपत्र आरटीओत दाखवायचं, मग लायसन्सवर तसा शेरा पडतो. पुढं दर वर्षी एक दिवस उजळणी. इतकं सरळ आहे. पण वर्गात केरबा असला की काहीच सरळ राहत नाही.

केरबा पेठ वडगावचा. बावीस वर्षं दुधाचा टँकर घेऊन मुंबईला जाणारा. कधी घरातून निघायचा, कधी ढाब्यावरून, कधी डेअरीच्या दारातून. आता एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्याला स्पिरिटच्या टँकरवर जागा मिळत होती. सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी. महिनाअखेरपर्यंत शेरा आणला तर जागा त्याची, नाहीतर दुसऱ्याची. हे त्यानं मला पहिल्या दिवशी चहाआधी सांगितलं आणि चहानंतर पुन्हा सांगितलं.

मग सुरू झालं त्याचं "आमच्या दुधाला".

"टँकर काठोकाठ भरायचा नाही," मी म्हणालो. "उन्हानं स्पिरिट फुगतं. वर जागा सोडायची."

"आमच्या दुधाला गच्च भरत्यात, जिनेश सर. न्हायतर डचमळून लोणी येतंय की!"

"बरं. गळती दिसली तर काय कराल?"

"आमच्या दुधाला बादली लावतोय."

"स्पिरिटला लावू नका. इंजिन बंद करा, माणसं लांब करा, फोन करा."

"आनि बादली?"

"बादली नाही, केरबा!"

वर्ग पोट धरून हसायचा. मी जैन, मला सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं, आणि या गृहस्थाला शंका सुचायच्या त्या पाच वाजता. पण खरं ते कबूल करतो, वही त्याच्याइतकी कोणी भरली नाही. लेखी परीक्षेत तो पहिला आला. त्याचाच मला जास्त राग आला. आता त्याच्यावर चिडायला कारण उरलं नव्हतं.

कारण त्यानं तासाभरात दिलं.

प्रात्यक्षिकासाठी आवारात टँकर उभा होता. तो धुतलेला होता, पण स्पिरिट भरून आलाय असं समजायचं असतं. केरबानं चाकं बघितली, व्हॉल्व्ह बघितले, धोक्याची लाल पाटी पुसून घेतली, आग विझवायचा सिलिंडर कुठं आहे ते बोट करून दाखवलं. सगळं तोंडपाठ. मग केबिनमध्ये चढला, स्टिअरिंगला हात लावून पाया पडला, खिशातून उदबत्तीचा पुडा काढला, काडेपेटी काढली आणि खर्रकन काडी ओढली.

मी काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. रस्त्यापलीकडं बसलेली म्हैस उठून उभी राहिली.

केरबानं पेटलेल्या काडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि घाईनं फुंकर मारली. "सर, हात आपसूक गेला वो. बावीस वर्षं उदबत्तीबिगर चावी फिरवली न्हाई."

"नापास."

"धुतल्याला टँकर हाय की!"

"उद्या भरलेला असेल. नापास!"

केरबा उतरला, पुडा खिशात घातला आणि खाली मान घालून निघून गेला. त्या संध्याकाळी वेळेत जेवायला बसलो, आणि ताट तसंच सारून उठलो. वाईट वाटत होतं मला. नियम माझा बरोबर होता, तरी वाटत होतं. आठ दिवसांनी फेरपरीक्षा होती, आणि त्यानंतर महिना संपायला तीनच दिवस उरत होते.

फेरपरीक्षेला केरबा आला तो गेटवरच थांबला. दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. काडेपेटी नाही, पुडा नाही.

"मग उदबत्तीचं काय ठरवलंत?" मी विचारलं.

"सोय केलीया." त्यानं मोबाईल काढून घरी लावला. "धोंडे, लाव आता. मी निघालोय." एवढं बोलून फोन त्यानं माझ्या हातात कोंबला. "मोबाईल आत न्ह्यायचा न्हाई. तुमीच शिकीवलंय. धरा!" आणि तरातरा टँकरकडं गेला.

फोन चालूच होता. धोंडे म्हणजे त्याची बायको, धोंडुबाई. फोन माझ्याकडं दिलाय हे तिला सांगावं म्हणून मी तो कानाला लावला, पण मला तोंड उघडायला सवड कुठली!

"अवो, लावली बगा. देवाम्होरंच बसलीया. सावकास जावा." काडीवर फुंकर मारल्याचा आवाज आला. "बावीस वर्षांत आज पयल्यांदा कळालं बगा मला, तुमी नेमकं कवा निघता ते."

तिकडं टँकर सुरू झाला.

"निघाले ते," मी म्हणालो. "आता रोज संध्याकाळी घरी येतील."

परीक्षा अजून व्हायची होती, आणि मी निकाल सांगून बसलो होतो.