साध्या पाण्याची ओळ

सरांनी सातवा टोमॅटो उभा कापला. वरून लालबुंद, बुडाला बटणाएवढा काळा डाग आणि आत कुजका गाभा. त्यांनी सुरी पुसली आणि दोन्ही फोडी आधीच्या सहांच्या रांगेत ठेवल्या.

“सातही तसेच,” मोजपट्टी म्हणाली. ती त्यांच्या हाताखालची शास्त्रज्ञ. चहात साखरसुद्धा वजन करून घालते म्हणून प्रयोगशाळेने तिला हे नाव ठेवलं होतं, आणि तिनेही ते मुकाट्याने चालवून घेतलं होतं.

“फळापर्यंत कॅल्शियम पोचलंच नाही,” सर म्हणाले.

“ही फळं पाठवणाऱ्या पॉलीहाऊसवाल्या ताई म्हणतात, आपल्या माहितीपत्रकात लिहिलंय तस्संच केलं. कोकोपीट चोवीस तास कॅल्शियमच्या पाण्यात भिजवलं, मग रोपं लावली. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही म्हणे.”

ते पत्रक चार पानांचं होतं. मातीशिवाय पीक घेणाऱ्यांनी नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, लागवडीसाठी कसा तयार करावा, ते त्यात सांगितलं होतं. वर दोन नावं होती. पहिलं त्यांच्या बायकोचं, दुसरं त्यांचं. प्रयोग तिचा, आकडे तिचे. सरांनी फक्त मजकूर लिहून काढला होता. पत्रक छापून आलं तेव्हा ती दवाखान्यात होती. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात गेली. त्याला चौदा महिने झाले होते.

“मी दोनदा करून पाहिलं,” मोजपट्टी म्हणाली. “या पद्धतीने कोकोपीटमधले मूळचे क्षार निघतच नाहीत. कॅल्शियमला धरून राहायला जागाच मिळत नाही. संचालक विचारताहेत, पत्रक मागे घ्यायचं का. आणि सर...”

“बोल ना.”

“मॅडमचे दवाखान्यात जाण्याआधीच्या महिन्यातले आकडे. तेव्हा त्यांची औषधं चालू होती. थकायच्या फार. होतं असं एखाद्या वेळी.”

मायेने बोलली होती बिचारी, तेच जास्त लागलं. सर उठून बेसिनपाशी गेले आणि स्वच्छ हात पुन्हा एकदा धुतले. त्या महिन्यात तिची बोटं थरथरायची. क्षार मोजायचं मीटर ती दोन्ही हातांनी धरायची. ‘राहू दे आता’ असं ते रोज म्हणायचे आणि ‘एवढं एक निचऱ्याचं पाणी मोजते’ असं ती रोज म्हणायची. ती गेल्यापासून तिची वही त्यांनी उघडली नव्हती. इतके दिवस तिचं अक्षर दिसेल म्हणून. आज आकडे दिसतील म्हणून.

“वही काढ तिची,” ते म्हणाले.

मोजपट्टीने कपाटातून वही आणली. सरांनी चष्मा पुसला, घातला, काढून परत पुसला. अक्षर वाकडं झालं होतं, ओळी उताराला लागल्या होत्या. पण प्रत्येक आकडा दोनदा मोजलेला, आणि दोन्ही जुळले नाहीत तिथे तिसऱ्यांदा. मोजपट्टी बोट फिरवत खाली आली आणि थांबली. तिने पुढचं पान उलटलं.

“सर, हे बघा.”

‘आधी साध्या पाण्याने तीनदा धुणे. निचऱ्यातले क्षार उतरल्याशिवाय कॅल्शियम घालू नये.’ खाली दोन रेघा मारलेल्या.

“हे पत्रकात नाहीये,” मोजपट्टी म्हणाली.

त्याच पानात एक घडी घातलेला कागद होता. पत्रकाचा कच्चा मजकूर. त्यातही ती ओळ होती, पण लाल पेनने खोडलेली. समासात ठसठशीत, सरळ अक्षरात लिहिलं होतं : ‘पाने चारच. ओळी कमी करणे. धुणे सगळ्यांना ठाऊकच असते.’

अक्षर सरांचं होतं.

त्यांना आठवलं. दवाखान्याचा व्हरांडा, मांडीवर फाईल, आत डॉक्टर आणि फोनवर घाई करणारा छापखानेवाला. काय गाळता येईल, ते शोधत होते ते.

मोजपट्टी कानापर्यंत लाल झाली. “घाईत होतं असं, सर. आपण मुद्रणदोष म्हणू या.”

“मुद्रणदोष कसला? पेन माझं, अक्षर माझं.” सरांनी कागद उजेडाकडे धरला. “अक्कल कशी पाजळलीये बघ. म्हणे, सगळ्यांना ठाऊकच असते!”

आणि ते हसले. खदखदून हसले. स्टुलावर बसले, डोळे पुसले, कागद पुन्हा वाचला आणि पुन्हा हसले. पाणी द्यावं की कोणाला हाक मारावी, ते मोजपट्टीला कळेना.

“तिचं बरोबर होतं,” ते म्हणाले. “एकूण एक बरोबर. संचालकांना सांग, पत्रक मागे घ्यायचं नाही, दुरुस्त करायचं. पाच पानं होऊ देत. आणि दुरुस्तीखाली माझं एकट्याचं नाव घाल.”

मग त्यांनी स्वतःच पॉलीहाऊसवाल्या ताईंना फोन लावला.

“ताई, चूक सापडली. माझी आहे. आधी धुवायचं असतं, ते मी गाळलं.”

“अहो, माझं अख्खं पीक गेलं की हो!”

“गेलं. माझ्यामुळे गेलं. नवी रोपं आमच्याकडून येतील. आणि सोमवारी मी स्वतः येऊन तुमचं कोकोपीट धुऊन देतो.”

“तुम्ही? या वयात?”

“मीच. चूक माझी ना! मॅडमनी सगळं नीट लिहिलं होतं, मी खोडलं. तिची काहीसुद्धा चूक नाही.”

“सर, एक विचारू? नुकसान झालंय माझं, आणि तुमचा आवाज असा काय, मुलगी परीक्षेत पहिली आल्यासारखा?”

सरांनी आवाज जरा खाली आणला.

“माफ करा,” ते म्हणाले. “पण चूक खरंच माझी आहे.”

“कळलं हो! किती वेळा सांगाल?”