गुणाबाईचं बेणं

नवरात्रात गुणाबाईच्या भावाने घाटावरच्या खेडहून कल्याणला येणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर बटाट्याचं बेणं पाठवलं. लहान पिशवीभर होतं. सोबत निरोपही होता : तब्येत बरी नाही, जमलं तर भेटून जा. खाटेवर बसल्या बसल्या त्याने एकेक बटाटा स्वतः निवडला होता, असं ट्रकवाल्याने सांगितलं.

पण गुणाबाईच्या सासरी, कोनला, तेव्हा भात कापणीला आलं होतं. गुणाबाईला निघता आलं नाही. तिने बेणं पडवीत ओळीने मांडलं. ऊन लागणार नाही पण उजेड मिळेल अशा जागी, पोत्यावर, डोळे वर करून. सून मैना बघत उभी होती. तिच्या माहेरी खाडीकडची माणसं, बटाटा म्हणजे बाजारातून आणायची वस्तू.

"अंधारात ठेवलं तर काय व्हतं?" मैनाने विचारलं.

"लांब पांढरे मोड येतात, उंदराच्या शेपटावानी. हात लावला की तुटतात. उजेडात आखूड आन् जाड येतो. तोच जमिनीत धरतो." गुणाबाईला या गावात येऊन तीस वर्षं झाली होती, पण बोलणं अजून खेडचंच होतं. घराच्या मागच्या वाडीत एक तरी वाफा बटाट्याचा करायचा, ही तिची जुनी हौस. गावातले लोक हसायचे. इथल्या मातीत कसला बटाटा, म्हणायचे.

दिवाळीच्या दोन दिवस आधी भावाचं दुखणं जास्त झाल्याचा निरोप आला. गुणाबाईने लुगडी गाठोड्यात बांधली. निघताना मैनाला म्हणाली, "दोन दिवसाआड फिरवून ठेव. नासका दिसला तर काढून टाक. बाकी कशाला हात लावू नको."

"न्हाय लावत, आई. तुमी निवांत जा."

भाऊबीजेला मैनाचा भाऊ दौलत आला. येणार असं कळवलं नव्हतं. सोबत नवी बायको होती, चंद्रा. ठाण्याची, मॅट्रिक झालेली, मनगटावर घड्याळ. मैनाचा नवरा राघो कामतघरला पॉवरलूमवर कामाला होता, सणाचीही ड्युटी लागली होती. घरात मैना एकटीच.

घरात भात होता. सुकट होतं, वालाचं बिरडं करता आलं असतं. दौलत तर बहिणीच्या हातच्या सुकटासाठीच आला होता, तसं तो बोललाही. पण चंद्राने पडवीत आल्या आल्या पदर नाकाशी धरला होता. सुकटाच्या वासाने की सहज, मैनाला कळलं नाही. तिच्या मनात आलं, हिला पुरी-भाजी घालावी. पिवळी, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेली, हॉटेलात मिळते तशी. बटाटे आणायला धामणकर नाक्याला जायचं तर येऊन-जाऊन दोन तास गेले असते.

तिने पोत्यावरून चार बटाटे उचलले. मोड नखाएवढे झाले होते, जांभळट हिरवे. अंगठ्याने दाबताच ते टचकन तुटले. चारांत भाजी होईना, म्हणून आणखी सहा घेतले. मग वाटलं, दौलतला जाताना डब्यात द्यावी. असं करत करत पोत्यावर नऊच उरले, तेव्हा ती थांबली.

चंद्राने दोन पुऱ्या खाल्ल्या आणि भाजी ताटात तशीच ठेवली. "गोडसर लागते जरा," ती म्हणाली. वाईट बोलली नाही, हसून बोलली. उरलेली भाजी दौलतने डब्यात नेली नाही. संध्याकाळी मैनाने ती शेजारच्या म्हशीपुढे टाकली.

दुसऱ्या दिवशी ती नाक्यावर गेली आणि तेवढेच बटाटे घेऊन आली. गुळगुळीत, गोरे, एकालाही डोळा फुटलेला नाही. ते तिने नऊंच्या मध्ये मिसळून मांडले. येईल मोड, तिने स्वतःला समजावलं. बटाटा तो बटाटा.

त्याच दुपारी गुणाबाईचा भाऊ गेल्याचं कळलं.

गुणाबाई तेराव्यानंतर परत आली ती निम्मी होऊन. डोळे सुजलेले. पडवीत बसली आणि बेण्यावरून हात फिरवू लागली. एकेक बटाटा बोटांनी चाचपायची आणि खाली ठेवायची.

"मैने, यातल्या लईंना मोड न्हाईत गं."

मैना चुलीपाशी होती. "थंडी पडली न्हाय ना अजून," ती तिथूनच म्हणाली.

गुणाबाईने एक बटाटा उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाली, "जाताना डोळे फुगलेले व्हते. मी पाह्यले व्हते." आणि थोड्या वेळाने, "मी पोचले तवा दादा भिंतीकडं तोंड करून निजला व्हता. मी हाका मारल्या. वळला न्हाई. नवरात्रात बोलवलं तवा मी भात कापत बसले. रागावून गेला तो. त्याच्या हातचं बेणं हाय, त्यानंच जीव काढून घेतला."

त्या वेळी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सासूचा चेहरा बघून मैनाची जीभ उचलली नाही. आत्ताच दुःखातून आलीय, उद्या सांगू, असं म्हणून ती भाकरी थापत राहिली.

उद्या गेला, परवा गेला. गुणाबाईने तरीही वाफा केला. मोडाचे लहान होते ते अख्खे ठेवले, मोठे चिरले, कापाला राख लावली, सगळे सरीत टाकले. मैना मागून माती ओढत होती. शेजारची सीताबाई कुंपणापाशी आली, तर गुणाबाईने तिलाही सांगितलं, भाऊ रागावून गेला म्हणून. सीताबाईने कानाला हात लावला. "गेलेल्याचा राग वाईट गं बाई. त्याच्या नावानं देवाला नारळ दे." गुणाबाईने नारळ दिला. मैनानेच तो सोलून दिला होता.

तीन आठवड्यांनी नऊ झाडं वर आली. बाकी सरी मोकळीच. गुणाबाई रोज सकाळी वाफ्याच्या कडेला जाऊन बसायची. जेवण तुटलं. राघो म्हणाला, "आईला डॉक्टरला दाखवू या." मैनाने मान हलवली. बेणं खाल्लं, हे तिला आता सांगता आलं असतं. पण इतके दिवस गप्प बसलो, हे कसं सांगायचं?

एका सकाळी गुणाबाई हाताने मोकळी सरी उकरू लागली. नासलेला, पाण्यासारखा मऊ झालेला बटाटा हातात आला. ती तो धरून रडू लागली. "दादा, चुकले रे मी."

मैना धावत जाऊन समोर बसली. "आई, तो मामांचा न्हाय. नाक्यावरचा हाय. मामांचं बेणं मी शिजवलं. भाऊबीजेला, माझ्या भावाला. ही नऊच काय ती मामांची. ती सगळी उगवली, बघा ना."

गुणाबाईने हातातला बटाटा खाली ठेवला. हात लुगड्याला पुसला.

"घरात काय नव्हतं खायला?"

"व्हतं. सुकट व्हतं. वहिनी शहरातली म्हणून मी..."

"खाल्लं का तिनं?"

"न्हाय. टाकलं."

गुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर मैनाला सोपं गेलं असतं.

"बटाटे खाल्लेस, त्याचं काय न्हाई," गुणाबाई शेवटी म्हणाली. "मागितले असते तर मीच दिले असते. पण दादा रागावून गेला म्हणून मी म्हैनाभर रडत व्हते. नारळ दिला. अन् तू ते ऐकत व्हतीस. शेजारी बसून ऐकत व्हतीस."

मैनाने उकरलेली माती हाताने परत सरीत लोटली.

गुणाबाई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी खुरपं तिच्यापुढे टाकून म्हणाली, "नऊ झाडांना भर लावायची हाय. चल." दोघींनी माती चढवली. राघोला गुणाबाईने काही सांगितलं नाही. गावातही नाही. मैनाला ते जास्त जड जात होतं.

मग एकदा सीताबाई आली, झाडं बघून म्हणाली, "नारळानं काम केलं बघ. भावाचा राग निवला."

गुणाबाई मान खाली घालून गवत काढत राहिली. तिने वरही बघितलं नाही.

"न्हाय सीताबाई," मैना म्हणाली. "मामा रागावलेच नव्हते. ते बेणं मी शिजवून खाल्लं आन् आईंना सांगितलं न्हाय."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. राघो ड्युटीवरून आला तो ऐकूनच आला आणि दोन दिवस तिच्या हातचं जेवला नाही. विहिरीवर बायका म्हणायच्या, "मैना, आमच्या बियाण्याकडं बघू नको गं." ती ऐकून घ्यायची आणि कळशी भरायची.

शिमग्याच्या आधी त्यांनी वाफा खणला. टोपलीभर बटाटे निघाले, लहान पण घट्ट. गुणाबाईने निम्मे वेगळे काढले आणि गाठोडं बांधून मैनाच्या हातात दिलं.

"खेडला जा. माझ्या भावजयीला दे. काय झालं ते तूच सांग, माझ्या तोंडून नको. एस.टी. कल्याणहून सकाळी सुटते."

"तुमी येणार न्हाय?"

"न्हाई."

मैना एकटीच निघाली. गाठोडं तिने मांडीवर धरलं होतं. घाट लागेपर्यंत ती मनात वाक्यं जुळवत होती, आणि प्रत्येक वेळी पहिल्याच शब्दाला अडत होती.